'क्वाद्रातुस'च्या अनामिक लेखनिकास आभारपत्र

आदरणीय लेखनिक महाशय,

नवव्या शतकात तुम्ही रोमन कवी लुक्रेशियसच्या 'दे रेरुम नातुरा' या लॅटिन काव्याची दोन रकान्यांत नक्कल उतरवलीत. ती आज लायडनच्या विद्यापीठ ग्रंथालयात 'क्वाद्रातुस' नावाने जपलेली आहे. तिच्यात चार उतारे आपापल्या जागी नाहीत, पार शेवटी आहेत. ते तुम्ही तसेच ठेवलेत, याबद्दल पाठचिकित्सा करणारे, म्हणजे जुन्या प्रती ताडून मूळ मजकूर ठरवणारे, आम्ही सगळे तुमचे ऋणी आहोत.

याच काव्याच्या, त्याच शतकातल्या 'ओब्लाँगुस' प्रतीत हे उतारे जागच्या जागी आहेत. म्हणजे ती नक्कल झाल्यावर दोन्हींच्या मुळाशी असलेल्या, आता हरवलेल्या पोथीची चार पानं सुटली आणि कुणीतरी ती शेवटी खोचली. पहिल्या सर्गातल्या 734 ते 785, दुसऱ्यातल्या 253 ते 304, पाचव्यातल्या 928 ते 979 : प्रत्येकी बरोबर 52 ओळी. दुसऱ्या सर्गातल्याच चौथ्या उताऱ्यात ओळी थोड्या कमी भरतात, पण मधले मथळे धरले की मेळ बसतो. (मथळे मोजायचे राहिले की सगळा हिशेब फिसकटतो.) पानाला 52, म्हणजे एका बाजूला 26 ओळी. जर्मन अभ्यासक लाखमान यांनी या काव्याच्या 1850 च्या आवृत्तीत याच आकड्यावरून हरवलेल्या पोथीची 302 पृष्ठं मांडून दाखवली.

या 26 चा खरा उपयोग पहिल्या सर्गाच्या शेवटाकडे कळतो. ओब्लाँगुसमध्ये 1068 ते 1075 या ओळींची शेवटची टोकं उडाली आहेत आणि 1094 ते 1101 या आठ ओळी नाहीतच. दोन्हींत अंतर नेमकं 26. पानाचा बाहेरचा कोपरा फाटला की पुढच्या बाजूला ओळींचे शेवट जातात, मागच्या बाजूला सुरुवाती. सुरुवातच नसलेली ओळ लेखनिकाने सोडून दिली असावी. त्यामुळे त्या जागी हरवलेला मजकूर काय असेल हे कुणी सुचवलं, तर आठच ओळींची जागा आहे हे आम्ही ठामपणे सांगू शकतो.

याच काव्याच्या आणखी एका जुन्या प्रतीच्या व्हिएन्नात उरलेल्या सुट्या पानांतही तुमच्यासारखीच उलटापालट आहे. तेव्हा ती तुमच्या समोरच्या प्रतीतच असणार. अर्थ लागत नाही म्हणून एखाद्या हुशार लेखनिकाने उतारे हलवले असते, सांधे जुळवायला दोन शब्द घातले असते, तर हा पुरावा कायमचा पुसला गेला असता. साधी चूक ओळखता येते. शहाणपणाने केलेली दुरुस्ती ओळखणं फार अवघड. तुम्ही समोर होतं ते उतरवलंत, त्याबद्दल मनःपूर्वक आभार.

आपले,
लॅटिन पाठचिकित्सेचे अभ्यासक