मुखपृष्ठासकट अंक बांधा

मा. संपादक,

दिवाळीच्या साफसफाईत जुन्या मासिकांचे आणि रहस्यकथांचे गठ्ठे माळ्यावरून खाली येतात. काही रद्दीत जातात, काही चांगल्या हेतूनं ग्रंथालयाला दिले जातात. तिथे पाच-सहा अंकांची एकत्र बांधणी करताना मुखपृष्ठ, मलपृष्ठ आणि जाहिरातींची पानं अनेकदा फाडून टाकतात. उरलेल्या तीन कडा यंत्रात कापल्या की चित्रकाराची खालच्या कोपऱ्यातली सहीसुद्धा जाते. 1909 साली का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’पासून सुरू झालेल्या दिवाळी अंकांच्या परंपरेत दीनानाथ दलाल, रघुवीर मुळगावकर यांच्यासारख्यांची चित्रं घराघरांत पोहोचली ती याच कव्हरांवरून. छपाईचे ब्लॉक, म्हणजे चित्राचे धातूचे ठसे, तयार झाल्यावर मूळ चित्र जपलं जाईलच असं नव्हतं. म्हणून पुष्कळ चित्रांचा आज एकमेव पुरावा म्हणजे छापील कव्हर.

अंक बांधायचेच असतील तर कव्हरासकट, कडा न कापता, दोऱ्यानं शिवून बांधावेत. गंजलेली पिन ओढून काढू नये, कागद तिथेच फाटतो. मधलं पान उघडून पिनेची टोकं पातळ, बोथट पातीनं सरळ करावीत, मग पाठीकडून पिन अलगद उचलावी आणि त्याच भोकांतून सुती दोरा घालावा. फाटलेल्या जागी सेलोटेप कधीही नको. काही वर्षांत पट्टी सुटते, पण तिचा गोंद तपकिरी डाग होऊन कागदात मुरतो आणि तो निघत नाही. गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ आणि जपानी टिश्यू कागद वापरला तर दुरुस्ती पुढे पाण्यानं सोडवता येते. लॅमिनेशन तर सोडवताच येत नाही. स्वस्त कागदातलं लिग्निन, म्हणजे लाकडातला एक घटक, उजेडानं आणि हवेनं पिवळं पडतं, आम्ल तयार होतं, पान ठिसूळ होतं. प्लॅस्टिकच्या थराआडही हे चालूच राहतं. त्यापेक्षा पारदर्शक पॉलिएस्टर फिल्मचं पाकीट घ्यावं आणि मागे आम्लविरहित पुठ्ठा ठेवावा. पीव्हीसीची पाकिटं टाळावीत, ती चिकट होऊन शाई ओढतात.

कसर लागली असेल तर अंक हवाबंद पिशवीत घालून डीप फ्रीझरमध्ये उणे 18 अंशांवर दोन आठवडे ठेवावेत. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण दिवसभर उघडू नये, नाहीतर थंड कागदावर दव धरतं. गुळगुळीत आर्टपेपरची कव्हरं ओली झाली तर वाळण्याआधीच सुटी करावीत. एकदा चिकटून वाळली की चित्र पापुद्र्यासारखं निघून येतं. रंगवलेली मूळ चित्रं मात्र फ्रीझरमध्ये मुळीच घालू नयेत.

मूळ चित्र म्हणून विकायला येणाऱ्या वस्तूंबद्दलही सांगायला हवं. 10 पट भिंगाखाली रंगांच्या ठिपक्यांची जाळी दिसली तर ती छपाई. कॅनव्हासवरच्या इंकजेट प्रतीत जाळीऐवजी विखुरलेले बारीक शिंतोडे दिसतात. खऱ्या चित्रात कुंचल्याचे फटकारे, पांढऱ्या रंगानं केलेल्या दुरुस्त्या, कडेला पेन्सिलीनं लिहिलेली मापं आढळतात. मासिकाच्या नावासाठी बहुधा वरचा पट्टा रिकामा सोडलेला असतो, नुसतं आकाश नाहीतर सपाट रंग. नाव चित्रातच रंगवलेलं असेल तर दोनदा तपासावं.

सिनेमाच्या गाण्यांची चोपडी खरी जुनी की नव्यानं छापलेली, हे ओळखायला आणखी सोपी खूण आहे. पानाच्या मागून बोट फिरवावं. खिळे, म्हणजे अक्षरांचे धातूचे सुटे ठसे, जुळवून छापलेली अक्षरं पाठीवर हलकी उठलेली लागतात. ऑफसेटवर काढलेली नवी प्रत सपाट लागते. फोटोंवर लाटांसारखी नक्षी दिसली, तर ती छापील पानावरून पुन्हा छापलेली प्रत समजावी.

ग्रंथालयांना कळकळीची विनंती एवढीच, की कव्हरं काढलीच असतील तर ती फेकू नयेत. महिना आणि वर्ष मागच्या कोऱ्या समासात मऊ पेन्सिलीनं लिहून वेगळ्या खोक्यात आडवी ठेवावीत.

— जुन्या अंकांचा एक संग्राहक