आवाहन : छात्राध्यापकांच्या वाचन-वर्गासाठी हातभार लावा

सर्व सभासद, माजी छात्राध्यापक आणि हितचिंतकांना अस्सलामु अलैकुम.

वाचन कसे शिकवावे याचा आपला वर्ग पुढच्या महिन्यात सुरू व्हायचा आहे आणि मंडळाकडे छपाईपुरतेही पैसे नाहीत. स्पष्टच लिहिलेले बरे.

हा वर्ग उभा राहिला तो आपल्या थोरल्या आपांमुळे. निवृत्तीनंतर घरी न बसता त्या सराव पाठांना मागच्या बाकावर बसत, पाठ टाचणे स्वतः तपासून देत. अडखळत, कष्टाने कुरआन वाचणाऱ्याला दुहेरी सवाब (पुण्य) आहे, ही नबींच्या पत्नी हजरत आयेशांनी सांगितलेली हदीस (नबींचे वचन) बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीस-संग्रहांत आहे. ती पाठ असलेला शिक्षकही अडखळणाऱ्या मुलावर वर्गाला हसू देतो, याची आपांना भारी चीड. छापखान्याच्या चाचांनी कागदाचे बिल कधी पाठवले नाही. हाजीसाहेबांनी दिलेल्या कपाटाला आजही कुलूप लागत नाही, तरी त्यातले एक पुस्तक हललेले नाही!

धड्यात नबींच्या दोन गोष्टी घातल्या की धडा इस्लामी झाला, असे काहींना वाटते. तेवढ्याने भागत नाही. बातमी आली तर खातरजमा करा, असे कुरआनच्या सूरह हुजुरातमध्ये (४९:६) सांगितले आहे. आपले छात्राध्यापक मुलांना प्रत्येक उताऱ्यावर तेच करायला लावतात : हे कोण सांगतो, त्याला कसे कळले, दुसरीकडे काय लिहिले आहे? इस्नाद, म्हणजे हदीस कोणाकडून कोणाकडे आली ती साखळी, तपासणाऱ्या मुहद्दिसांचीही (हदीसच्या अभ्यासकांचीही) रीत हीच. बद्रच्या लढाईत पकडलेल्या साक्षर कैद्यांनी मदीनेतल्या मुलांना लिहायला शिकवले की तीच त्यांची सुटकेची रक्कम, असे सीरतच्या (नबींच्या चरित्राच्या) ग्रंथांत आहे. ते शिक्षक मुसलमान नव्हते. आपल्या वर्गातही धर्म विचारला जात नाही.

जेवणाच्या कार्यक्रमाला मांडव अपुरा पडतो आणि या वर्गाच्या देणगी-वहीत दरवर्षी त्याच त्या चार सह्या. लिहिताना वाईट वाटते, पण लिहितो.

हवे आहे : टाचणांची छपाई, मुलांची पुस्तके, गरजू छात्राध्यापकांचा प्रवासखर्च, सराव पाठ ऐकायला निवृत्त शिक्षक. रोख किंवा धनादेश कार्यालयात, असर ते मगरिब (दुपारनंतरच्या नमाजापासून सूर्यास्ताच्या नमाजापर्यंत), महिनाअखेरपर्यंत, पावती घ्याच. जकात (गरजूंसाठीचे अनिवार्य दान) असेल तर तसे सांगा, ती फक्त गरजूंना जाईल, छपाईला नाही. जुनी पुस्तके चालतील. गाईडे नकोत, गेल्या वेळची अजून पडून आहेत.

आपला,
सचिव