दादा, वॅगनआरला रिमोट स्टार्टर नको

विनिपेग, कॅनडा

तीर्थस्वरूप दादास साष्टांग नमस्कार,

वहिनीकडून कळलं की बाबांच्या जुन्या वॅगनआरला तू रिमोट स्टार्टर बसवून घेणार आहेस. मे महिन्यात घरातून बटण दाबायचं आणि खाली उतरेपर्यंत एसी गार. ऐकायला छान आहे, पण पैसे देण्याआधी हे वाच.

इथे त्याची खरीच गरज पडते. जानेवारीत उणे ३० झालं की इंजिन ऑइल काकवीसारखं घट्ट होतं. बॅटरीची ताकद तर उणे १८ लाच निम्म्याच्या आसपास येते. म्हणून लोक रात्रभर ब्लॉक हीटर, म्हणजे इंजिन उबदार ठेवणारा विजेचा हीटर, प्लगला लावून ठेवतात आणि सकाळी रिमोटने गाडी सुरू करून काचा मोकळ्या होऊ देतात. दहा-पंधरा मिनिटांत कोणी आलं नाही तर ती आपोआप बंद पडते. शिवाय इथल्या बहुतेक गाड्या ऑटोमॅटिक, 'पार्क'मध्ये टाकल्या की जागच्या हलत नाहीत.

तुझी गाडी गिअरची. तिथे गोव्यात आल्तिनो टेकडीच्या चढावर तू ती पहिल्या गिअरमध्ये टाकूनच लावतोस, आणि तेच बरोबर आहे. रिमोट स्टार्टर म्हणजे किल्लीच्या स्विचमागच्या वायरींना जोडलेली एक पेटी. किल्ली फिरवल्यावर ज्या क्रमाने करंट जातो, त्याच क्रमाने ती आधी इग्निशनला आणि मग स्टार्टरला देते. गाडी गिअरमध्ये आहे की न्यूट्रलला, हे साध्या पेटीला कळत नाही. बटण दाबलंस की गाडी समोरच्या गडग्यावर जाणार. समोर माणूस असला तर माणसावर.

गिअरच्या गाडीसाठी वेगळी पेटी मिळते. तिच्यात इंजिन चालू असतानाच न्यूट्रल करायचं, हँडब्रेक ओढायचा, किल्ली काढायची, बाहेर येऊन दारं लावायची. मग इंजिन थांबतं. नंतर कोणी दार उघडलं की रिमोट चालत नाही, कारण आत बसून कोणी गिअर टाकला असेल. युक्ती चांगली आहे. पण मग चढावर गाडी फक्त हँडब्रेकवर उभी, आणि त्या हँडब्रेकची केबल किती जुनी आहे ते तुलाच ठाऊक. बॉनेटलाही स्विच हवा, म्हणजे ते उघडं असताना गाडी सुरू होणार नाही, नाहीतर मेकॅनिकचा हात इंजिनच्या पट्ट्यापाशी आणि आपला बाळ्या घरात बटणाशी खेळतोय!

किल्लीत चिप असेल, म्हणजे ती ओळखल्याशिवाय इंजिन सुरूच होत नसेल, तर आणखी एक भानगड. तिला चकवायला बायपास लावावा लागतो, आणि काही प्रकारांत चक्क दुसरी चिपची किल्लीच डॅशबोर्डमागे दडवून ठेवतात. म्हणजे चोराची अर्धी मेहनत आपणच वाचवायची.

आणि कायदा? मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२६ प्रमाणे सार्वजनिक जागी गाडी उभी करताना चालकाच्या जागेवर लायसनवाला माणूस तरी हवा, नाहीतर इंजिन बंद करून ब्रेक तरी लावलेला हवा. तुमच्या बिल्डिंगबाहेरचा रस्ता सार्वजनिकच. शुक्रवारच्या बाजाराला जाऊन तिथे लावलीस तरी तेच.

एसीचंही सांगतो. उभ्या गाडीत इंजिन सावकाश फिरतं, कॉम्प्रेसरही तसाच, म्हणून गारवा यायला वेळ लागतो. त्यापेक्षा चारही काचा खाली करून कोपऱ्यापर्यंत चालव, गरम हवा बाहेर जाऊ दे, मग काचा लाव. तेवढ्या पैशांत गॅस तपासून घे आणि कंडेन्सर साफ करून घे. रिमोटची हौसच असेल तर सेंट्रल लॉकिंग बसव, ते निरुपद्रवी आहे.

दुसरा खर्चही समोर आहेच. पाटी अजून सिंधुदुर्गाची, एमएच ०७ ची, आणि गाडी बारा महिन्यांहून जास्त गोव्यात राहिली तर तिथलं रजिस्ट्रेशन घ्यावं लागतं. गोव्याच्या हद्दीवर पत्रादेवीच्या नाक्याला कोणी अडवलं नाही म्हणून ते टळत नाही. सावंतवाडीहून बाबांकडची मूळ कागदपत्रं आणून ठेव.

दुकानदाराने फारच गळ घातली, तर त्याला सांग, गाडी पहिल्या गिअरमध्ये घाल, स्वतः समोर उभा राहा आणि मग मला बटण दाबायला दे.

वहिनीला नमस्कार, बाळ्याला आशीर्वाद.

तुझा धाकटा भाऊ