फोमचा ड्रम आहे हो, पण कुठल्या फोमचा?

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

डोंबिवलीत 2016 ला प्रोबेस या केमिकल कंपनीत स्फोट झाला, मग 23 मे 2024 ला अमुदान कंपनीत, आणि दोन्ही वेळेला चर्चा एकच, कंपन्या हलवा. हलवा ना, कोण नको म्हणतंय, पण हलेपर्यंत काय? सॉल्व्हंटचे, म्हणजे पटकन पेटणाऱ्या द्रव केमिकलचे ड्रम आजही शेडमध्ये एकावर एक रचलेले आहेत आणि थोडं पुढे लोक राहतायत. मी केमिकल लाईनमध्ये सेफ्टीचं काम केलंय, आता रिटायर आहे, म्हणून जरा स्पष्ट लिहितो.

पाण्याच्या स्प्रिंकलरने सॉल्व्हंटची आग विझेल या भरवशावर राहू नका. टोल्युईनसारखं सॉल्व्हंट पाण्यापेक्षा हलकं, ते वर तरंगतं आणि पेटलेलं असतानाच पाण्याबरोबर गटारातून शेजारच्या शेडपर्यंत जातं. तिथे फोमच लागतो. फोम म्हणजे फेसाची गोधडी समजा, ती द्रवावर पसरली की वाफ वर येत नाही, हवा आत जात नाही आणि थोडं गारही होतं. फोम स्प्रिंकलरमध्ये फोम कंपाउंड वेगळ्या टाकीत असतं, प्रपोर्शनर ते पाण्यात मिसळतो, बहुतेक ठिकाणी 3 टक्के, म्हणजे 97 लिटर पाण्याला 3 लिटर कंपाउंड. जिथे आग झपाट्याने पसरते तिथे डिल्यूज लावतात, त्याची सगळी तोंडं उघडी, डिटेक्टरने इशारा दिला की पूर्ण एरियावर एकदम फोम.

आता खरी मेख. साधा एएफएफएफ (द्रवावर पातळ थर पसरवणारा) फोम पेट्रोल, डिझेल, टोल्युईनवर चालतो, पण मिथेनॉल, अॅसिटोन, आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) असलं पाण्यात मिसळणारं सॉल्व्हंट असेल तर ते फोममधलं पाणीच ओढून घेतं आणि फेस बघता बघता बसतो. त्याला अल्कोहोल रेझिस्टंट फोम लागतो, तो महाग. मग होतं काय, गोडाऊनमध्ये अॅसिटोन आणि कोपऱ्यात साध्या फोमचे दोन कॅन, आणि ऑडिटला फक्त विचारतात, फोम आहे का? आहे! झालं, टिक.

हिशोब पण सांगतो. एनएफपीए या अमेरिकन अग्निसुरक्षा संस्थेच्या स्टँडर्डप्रमाणे फोम-वॉटर स्प्रिंकलरला दर चौरस मीटरला मिनिटाला साधारण साडेसहा लिटर फोम मिसळलेलं पाणी पाहिजे आणि फोम किमान 10 मिनिटं पुरला पाहिजे. 200 चौरस मीटरचा शेड धरा, मिनिटाला 1300 लिटर, 10 मिनिटांचे 13,000, त्याचे 3 टक्के म्हणजे 390 लिटर कंपाउंड. हे कमीत कमी हां, अल्कोहोलवाल्या सॉल्व्हंटला अजून जास्त लागू शकतं. 20 लिटरच्या दोन कॅनवर काय होणार? आणि त्या दिवशी नेमकं पाण्याचं शटडाऊन असेल तर मग विचारूच नका. ऑइल कंपन्यांकडे एवढी यंत्रणा असते तरी 2017 ला मुंबई बंदरातल्या जवाहर द्वीपवर वीज पडून पेटलेली डिझेलची टाकी विझायला तीनेक दिवस गेले होते.

कोणी म्हणेल रिअॅक्टर (केमिकल बनवायचं बंद भांडं) फुटल्यावर फोम काय करणार. बरोबर आहे, स्फोट फोमने थांबत नाही, पण नंतर आजूबाजूच्या शेडना जी आग लागते ती तरी आवरते. आणखी एक, जुन्या एएफएफएफमध्ये फ्लोरिनवाली केमिकल असतात जी पाण्यात वर्षानुवर्षं टिकतात, तेव्हा टेस्टिंगचा फेस नाल्यातून खाडीला सोडायचा नाही, बंडमध्ये (टाकीभोवतीच्या बांधात) अडवायचा. नवीन घेताना फ्लोरिन नसलेला फोम बघा, तोही आपल्या सॉल्व्हंटला चालतो का ते तपासूनच.

आपल्या राज्यात 2006 च्या अग्निप्रतिबंधक कायद्याने दर जानेवारी आणि जुलैला फॉर्म बी, म्हणजे आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला द्यावा लागतो, लायसन्स असलेल्या एजन्सीचा. माझी मागणी एवढीच की केमिकल कंपनीच्या बाबतीत त्याच्यासोबत आत कुठलं सॉल्व्हंट किती आहे, फोम कुठल्या प्रकारचा, किती लिटर आणि कधी भरला हे लिहून घ्या. वर्षातून एकदा फायर ब्रिगेड आणि डिशच्या (राज्याच्या औद्योगिक सुरक्षा आणि आरोग्य संचालनालयाच्या) इन्स्पेक्टरसमोर सिस्टीम चालवून दाखवायला लावा, नुसता पंप सुरू करून नाही, स्प्रिंकलरच्या तोंडातून फोम खरंच पडतो का ते, आणि त्या दिवशी शेजारच्या सोसायटीच्या दोन माणसांनाही बघायला बोलवा.

आपला एक वाचक,
डोंबिवली पूर्व