वेबसाइटचे डोमेन आणि देखभाल खर्चाचा हिशेब मिळण्याबाबत तक्रार पत्र

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : पैसे भरूनही डोमेनचे (वेबसाइटच्या पत्त्याच्या नावाचे) नूतनीकरण न झाल्याबद्दल आणि तीन वर्षांच्या देखभाल बिलांचा तपशील मिळण्याबाबत

महोदय,

आमची वेबसाइट आपल्या कंपनीने 2022 च्या ऑगस्टमध्ये सुरू करून दिली. तेव्हापासून आपले प्रत्येक बिल आम्ही मुदतीत चुकते केले. एकदाही घासाघीस केली नाही, कारण या कामातले आपल्याला कळते आणि आम्हाला कळत नाही, हे आम्ही धरूनच चाललो होतो. 2025 च्या ऑगस्टमध्ये आमची वेबसाइट आणि ईमेल सहा दिवस बंद पडले. त्यानंतर मी तिन्ही वर्षांची कागदपत्रे काढून एकेक ओळ तपासली. त्यात जे दिसले, ते आपल्यासमोर लेखी मांडतो आहे.

आमचा व्यवसाय पॅकिंग यंत्रांचे सुटे भाग बनवण्याचा. आम्ही लेथ विकत घेतो तेव्हा विकणारा नुसती किंमत सांगून थांबत नाही. तेल किती लागेल, पट्टा केव्हा बदलावा लागेल, बेअरिंग किती तास टिकेल, सर्व्हिसला माणूस वर्षातून किती वेळा येईल, हे सगळे सौदा होण्याआधी बोलले जाते. त्यावरून लेथचा ताशी खर्च निघतो आणि ताशी खर्च निघाल्याशिवाय आम्ही कोणत्याही भागाचा भाव सांगू शकत नाही. वेबसाइटच्या वेळी हाच प्रश्न मी आपल्या विक्री प्रतिनिधींना पहिल्याच बैठकीत विचारला होता. पुढे दरवर्षी काय लागेल? उत्तर आले, ‘नाममात्र’. कोटेशनातही तोच शब्द उतरला. उभारणीच्या कामाला अकरा ओळी आणि प्रत्येक ओळीसमोर आकडा. देखभालीला एकच ओळ, ‘वार्षिक, नाममात्र’.

त्या शब्दावर विसंबून मी दरवर्षीसाठी उभारणीच्या रकमेच्या दहा टक्के तरतूद केली. प्रत्यक्षात तीन वर्षांत देखभाल, नूतनीकरण, ‘आवृत्ती बदल’, ‘जागा वाढ’ आणि ‘तातडीचे काम’ मिळून उभारणीइतकीच रक्कम आम्ही आणखी एकदा भरली आहे. रक्कम मोठी आहे म्हणून मी हे लिहीत नाही. वेबसाइट चालती ठेवायला माणसांचा वेळ लागतो आणि त्या वेळाचे पैसे द्यायला आमची कधीच ना नव्हती. हा आकडा सुरुवातीलाच कळला असता तर मी पहिल्या वर्षी निम्मीच पाने करून घेतली असती आणि उरलेला पैसा देखभालीसाठी बाजूला ठेवला असता. तसे न झाल्यामुळे प्रत्येक बिल आमच्यावर अवचित येऊन पडले आणि दर वेळी दुसऱ्या कामासाठी ठेवलेल्या पैशातून ते भागवावे लागले. 2024 मध्ये मोजमापाचे एक उपकरण घ्यायचे ठरले होते. ते अजूनही घेता आलेले नाही.

आता डोमेनचे. आपल्या वार्षिक बिलात ‘डोमेन नूतनीकरण’ अशी वेगळी ओळ असते. 2025 च्या जुलैमध्ये ते बिल आम्ही भरले, त्याची पावती सोबत आहे. ऑगस्टमध्ये डोमेनची मुदत संपली आणि नूतनीकरण झालेले नव्हते. आम्हाला हे कसे कळले? आमच्या एका जुन्या ग्राहकाने फोन करून विचारले, की तुमचा कारखाना बंद झाला का, कारण वेबसाइट उघडत नाही आणि पाठवलेला ईमेल परत येतो आहे. तोपर्यंत दीड दिवस उलटून गेला होता. मी आपल्या मदत क्रमांकावर फोन केला, तेव्हा डोमेनच्या खात्याचा पासवर्ड ज्यांच्याकडे होता ते कर्मचारी नोकरी सोडून गेल्याचे सांगण्यात आले. खाते परत ताब्यात घेऊन पैसे भरेपर्यंत एकूण सहा दिवस गेले. त्या सहा दिवसांत किती चौकश्या आल्या आणि परत गेल्या, हे मला कधीच कळणार नाही. आणि त्यानंतर आपण आम्हाला ‘तातडीचे काम’ या नावाखाली वेगळे बिल पाठवले.

मुदत संपण्याची सूचना आम्हाला का आली नाही, याचा मी शोध घेतला. डोमेनची जागतिक व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅनच्या नियमांनुसार, नोंदणी करणाऱ्या कंपनीने मुदत संपण्याच्या साधारण एक महिना आधी, मग साधारण एक आठवडा आधी आणि मुदत संपल्यावर पाच दिवसांच्या आत, अशा तीन सूचना नोंदणीधारकाला पाठवायच्या असतात. नोंदणीधारकाला. आमच्या डोमेनचा नोंदणीधारक कोण आहे हे मी तपासले, तर तिथे आपल्या कंपनीचे नाव आहे. ज्या नावाने आम्ही धंदा करतो, जे आमच्या प्रत्येक बिलावर आणि खोक्यावर छापलेले आहे, ते नाव कागदोपत्री आपल्या मालकीचे आहे. कोटेशनात याचा एका शब्दानेही उल्लेख नव्हता. सूचना आपल्या ईमेलवर गेल्या असणार आणि कोणी वाचल्या नाहीत.

यात धोका केवढा होता, तेही सांगतो. मुदत संपल्यावर नोंदणी करणारी कंपनी नेहमीच्या दरात नूतनीकरणासाठी जास्तीत जास्त 45 दिवस थांबू शकते, पण इतके दिवस थांबण्याचे बंधन तिच्यावर नाही. त्यानंतर 30 दिवसांचा सोडवणुकीचा काळ येतो आणि त्यात बराच जादा आकार पडतो. त्यानंतर पाच दिवसांनी ते नाव बाजारात मोकळे होते आणि कोणीही घेऊ शकतो. सहाव्या दिवशी नाव परत मिळाले. तो फोन आला नसता तर आणखी किती दिवस गेले असते, हे आपणच सांगावे.

दुसरी गोष्ट आमच्या कोटेशन मागणीच्या फॉर्मची. वेबसाइट करून घेण्यामागे आमचा मुख्य हेतूच तो होता. खरेदीदाराने भागाचे माप, धातू आणि नग भरून पाठवायचे आणि ती मागणी आमच्या जीमेल खात्यात यायची. 2024 च्या एप्रिलपासून जूनपर्यंत अकरा आठवडे त्यातून एकही मागणी आली नाही. मंदी असेल असे समजून आम्ही एका पाळीचे काम कमी केले. पुढे एका खरेदीदाराने सांगितले, की मी दोनदा फॉर्म भरला, दोन्ही वेळा पडद्यावर ‘धन्यवाद’ आले, पण तुमच्याकडून उत्तर आले नाही. कारण सापडले ते असे : फेब्रुवारी 2024 पासून जीमेलने, पाठवणाऱ्याची ओळख डोमेनच्या नोंदीतून पटल्याशिवाय ईमेल घेण्यावर निर्बंध आणले. ही घोषणा ऑक्टोबर 2023 मध्येच झाली होती. एसपीएफ किंवा डीकेआयएम नावाची नोंद डोमेनमध्ये करायची, एवढेच काम होते. आपल्या माणसाने ते एका दुपारी करून दिले, त्याबद्दल मी तेव्हाही आभार मानले होते. पण त्या तिन्ही महिन्यांच्या आपल्या देखभाल अहवालांत ‘सर्व सुरळीत’ असे लिहिलेले आहे. महिन्यातून एकदा कोणी तो फॉर्म स्वतः भरून पाहिला असता, तर पहिल्याच महिन्यात दोष कळला असता. देखभाल या शब्दात हे येत नसेल, तर काय येते ते आम्हाला कळायला हवे.

‘आवृत्ती बदल’ या बिलाबद्दल मला सर्वांत जास्त वाईट वाटते, कारण ते टाळता येण्यासारखे होते. वेबसाइट आपण पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेच्या 7.4 या आवृत्तीवर उभी केली. त्या आवृत्तीचा सुरक्षा आधार, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणे, 28 नोव्हेंबर 2022 ला संपला, म्हणजे आमची वेबसाइट सुरू झाल्यावर चार महिनेही झाले नव्हते. ही तारीख काही गुप्त नव्हती. पीएचपीच्या प्रत्येक आवृत्तीची अखेरची तारीख आधीपासून जाहीर असते. त्या ऑगस्टमध्ये पीएचपी 8.1 उपलब्ध होती, ती आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्येच आली होती आणि तिला पुढे दोन वर्षांहून जास्त काळ सुरक्षा आधार होता. आपण आम्हाला मुदत संपत आलेल्या पायावर घर बांधून दिले आणि दोन वर्षांनी पाया बदलण्याचे वेगळे पैसे घेतले. मधल्या दोन वर्षांत सुरक्षा दुरुस्त्या न मिळणाऱ्या आवृत्तीवर आमच्या ग्राहकांची माहिती होती, हेही आम्हाला कोणी सांगितले नाही. पहिल्याच दिवशी विचारले असते, तर मी थोडे जास्त पैसे देऊन नवी आवृत्ती निवडली असती. आपले वेबसाइटच्या पानांचे जुने साचे जुन्या आवृत्तीवर चालत होते म्हणून तीच वापरली, असे आपल्या तांत्रिक विभागाने फोनवर सांगितले. तो आपल्या सोयीचा भाग झाला, त्याचा खर्च आमच्यावर का?

वेबसाइट आणि ब्राउझर यांच्यातली देवाणघेवाण सुरक्षित ठेवणाऱ्या सुरक्षा प्रमाणपत्रासाठी आपण दरवर्षी एक रक्कम लावता. ब्राउझरमध्ये पाहिल्यावर ते प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचे असल्याचे दिसते. ते विनामूल्य मिळते, 90 दिवस चालते आणि सहसा सर्व्हरवरची यंत्रणा ते आपोआप बदलते. ती यंत्रणा बसवण्याचे आणि तिच्यावर लक्ष ठेवण्याचे पैसे आपण जरूर घ्यावेत, पण बिलात ‘प्रमाणपत्र खरेदी’ लिहू नये. हा मुद्दा पुढच्या खर्चासाठीही महत्त्वाचा आहे. विकत मिळणाऱ्या प्रमाणपत्रांची कमाल मुदत 15 मार्च 2026 पासून 200 दिवस, 15 मार्च 2027 पासून 100 दिवस आणि 15 मार्च 2029 पासून 47 दिवस, असे वेळापत्रक ठरलेले आहे. जो ग्राहक दर वेळेच्या बदलाचे पैसे देतो, त्याचे बिल यामुळे कित्येक पटींनी वाढेल. आमच्याकडे हे काम आपोआप होते की हाताने, याचे लेखी उत्तर मला हवे आहे.

सर्व्हरवरची ‘जागा वाढ’ का करावी लागली, तेही मी पाहिले. आमच्या सुट्या भागांचे फोटो मोबाइलवरून काढलेले होते, एकेक चार-पाच एमबीचा, आणि ते आकार कमी न करता जसेच्या तसे चढवले गेले. आता मी ते स्वतः लहान केले आहेत. दिसण्यात फरक नाही, पाने लवकर उघडतात आणि जुन्या जागेत सगळे मावते आहे.

यावर आम्हाला आपल्याकडून पुढील गोष्टी हव्या आहेत. सर्वांत आधी, डोमेनच्या नोंदणीधारकाचे नाव बदलून ते आमच्या व्यवसायाच्या नावावर करावे, संपर्काचा ईमेल आमचा द्यावा आणि ते डोमेन आमच्या स्वतःच्या खात्यात हलवावे. त्यासाठी हस्तांतरणाचा कोड लागत असेल तर तो मागवावा. नोंदणीधारकाने मागितल्यावर पाच दिवसांत तो देणे नोंदणी कंपनीवर बंधनकारक आहे, म्हणजे यात दिरंगाईला कारण उरत नाही. होस्टिंगचे (वेबसाइट ठेवलेल्या सर्व्हरवरच्या जागेचे) पासवर्ड, वेबसाइटच्या फाइल आणि डेटाबेसची पूर्ण प्रत, आणि आमच्या नावे घेतलेल्या सशुल्क प्लगइनचे (वेबसाइटला जोडलेल्या छोट्या प्रोग्रामचे) परवानेही आम्हाला मिळावेत. ऑगस्टचे ‘तातडीचे काम’ आणि 2024 चे ‘आवृत्ती बदल’ ही दोन्ही बिले रद्द करून ती रक्कम परत करावी. प्रमाणपत्राच्या रकमेचा खुलासा करावा. फॉर्म बंद असलेल्या अकरा आठवड्यांचे देखभाल शुल्कही परत मिळावे, कारण त्या काळात ती सेवा झालेली नाही.

आणि यापुढे आपल्याबरोबर काम करायचे असेल, तर पुढच्या तीन वर्षांचा तक्ता मला हवा. डोमेन, होस्टिंग आणि प्रत्येक परवाना कोणत्या तारखेला संपतो, त्याला किती लागेल, पीएचपीची आताची आवृत्ती केव्हा जुनी होईल आणि ती बदलायला अंदाजे किती तास लागतील, दर महिन्याला आपली माणसे नेमके काय तपासतात, बॅकअप कुठे ठेवतात आणि तो परत चढवून शेवटचा केव्हा पाहिला. अचानक उद्भवणाऱ्या कामाचा तासाचा दरही त्यात असावा. आकडे अंदाजे असले तरी चालतील, आम्ही सगळेच व्यवसाय करणारे आहोत आणि अंदाज चुकू शकतो हे मला मान्य आहे. ‘नाममात्र’ हा शब्द मात्र त्यात नको.

आपल्या कंपनीतील ज्या दोघींनी सुरुवातीला आमच्या भागांची वर्गवारी समजून घेऊन पानांची रचना केली, त्यांचे काम उत्तम होते. आजही खरेदीदार त्या रचनेचे कौतुक करतात. म्हणूनच मी थेट दुसरीकडे न जाता आधी आपल्याला लिहीत आहे.

या पत्राचे लेखी उत्तर पंधरा दिवसांत मिळावे. डोमेनचे काम मात्र तोपर्यंत थांबू नये, ते पत्र मिळाल्यापासून सात दिवसांत सुरू व्हावे. तसे झाले नाही तर चालू वर्षाचा देखभाल करार आम्ही त्याच दिवसापासून संपुष्टात आणू आणि डोमेनवरील आमच्या हक्कासाठी कायदेशीर मार्ग धरू.

सोबत मूळ कोटेशन, तीन वर्षांची बिले, जुलै 2025 ची पावती, एप्रिल ते जून 2024 चे देखभाल अहवाल आणि नोंदणीधारकाचे नाव दाखवणाऱ्या पानाची प्रत जोडली आहे.

आपला विश्वासू,
(भागीदार व हिशेब विभागप्रमुख)