बाबांच्या अल्बमसाठी तुमचे आभार, ताई

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

बाबांचा 80वा वाढदिवस छान पार पडला. त्याचं बरंचसं श्रेय तुमचं आहे, आणि ते चार लोकांसमोर सांगावं म्हणून हे पत्र उघडंच लिहिते आहे.

‘जुन्या फोटोंचा अल्बम करून द्या’ एवढंच मी म्हटलं होतं. तुम्ही फोटोंना हात लावायच्या आधी बाबांबद्दलच विचारत बसलात. चष्मा कधी बदलला? बोटं दुखतात का? दुपारी कुठे बसतात, तिथे उजेड कसा आहे? साठीच्या माणसाच्या डोळ्यांत पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो, हे मला तुमच्याकडूनच कळलं. म्हणून चकचकीत कागद बाद, मॅट कागद, एका पानावर एकच फोटो आणि खाली ठसठशीत अक्षरं. मला जाडजूड, भारदस्त अल्बम हवा होता. तुम्ही दोन पातळ केलेत, मांडीवर सपाट उघडे राहणारे. बाबा ते एकट्याने हाताळतात. भेट देणाऱ्याला भारदस्त वाटणं आणि घेणाऱ्याला पेलणं यांत फरक असतो, आणि दुकानांत मिळणाऱ्या बहुतेक भेटी पहिल्यासाठीच बनवलेल्या असतात असं माझं आता पक्कं मत झालं आहे.

फोटो निवडतानाही तुमचा हट्ट होता. मी नातवंडांचे काढून ठेवले होते. तुम्ही बाबांच्या पंधरा ते तीस वयातले मागितलेत. उतारवयात माणसाला त्याच वर्षांतलं सगळ्यात जास्त आठवतं, म्हणालात. ते फोटो चिकट पानांच्या अल्बममध्ये अडकलेले. दात साफ करायचा बारीक दोरा पाठीमागून हळूहळू सरकवत तुम्ही एकेक मोकळा केलात, आणि मी श्वास रोखून बघत होते. निगेटिव्हच्या एका पाकिटाला आंबूस वास येत होता. ॲसिटेटची फिल्म कुजायला लागली की असा वास सुटतो आणि शेजारच्या फिल्मलाही लागण होते, म्हणून ते पाकीट तुम्ही लगेच वेगळं ठेवलंत आणि स्कॅनही आधी त्याचंच केलंत. एका फोटोत शर्टाचा खिसा बाबांच्या उजव्या छातीवर दिसला, तेव्हा ‘ही निगेटिव्ह उलटी लागली आहे’ हे तुमच्याच लक्षात आलं. मी जन्मभर त्या माणसाला बघते आहे, मला दिसलं नव्हतं!

पण खरे आभार एका नकाराचे. काळ्या-पांढऱ्या फोटोंत रंग भरून द्या, असं मी म्हणत होते. तुम्ही म्हणालात, “शर्ट कोणत्या रंगाचा होता ते बाबांना ठाऊक आहे, संगणकाला नाही. त्यांनाच सांगू दे की.” आणि फोटोखाली नावं न छापता रेघा मोकळ्या सोडल्यात.

वाढदिवसाला तेच झालं. शर्ट पोपटी होता, आणि बाबांचा नव्हताच! मुलाखतीसाठी खोलीतल्या मित्राकडून मागून घेतलेला. तो मित्र कोण, पुढे काय झालं, शर्ट परत दिला का (नाही दिला), हे सगळं घरात पहिल्यांदाच ऐकलं. आई म्हणाली, “मला कधी सांगितलं नाहीत ते?” तर म्हणे, कुणी विचारलंच नाही. तुमच्या सांगण्याप्रमाणे फोन टेबलावर ठेवून सगळं रेकॉर्ड केलं आहे. मधे नातवंडांचा दंगा आहे, तो मी कापणार नाही.

रेघा बाबा स्वतः भरताहेत. अक्षर थरथरतं, पण दुसऱ्या कुणाला पेन देत नाहीत. दोन चेहऱ्यांची नावं अडली आहेत, त्यासाठी जुन्या सोबत्यांना फोन चालू आहेत.

एक काम मात्र तुमच्यासाठी निघालं आहे. शर्टवाल्या मित्राचा पत्ता लागला. त्यांना त्या फोटोची मोठी प्रत पाठवायची, असं बाबांनी ठरवलं आहे. तीही काळी-पांढरीच हवी, आणि मॅट कागदावर.

तुमची,
एक लेक