‘कोम’ या शब्दाबद्दल आभार

आदरणीय गुरुजी,
सादर नमस्कार.

तुमच्याकडे पहिल्यांदा आलो तेव्हा १८८१ च्या जनगणनेत पणजोबांचं घर सापडेल, अशी माझी खात्री होती. इंग्लंडात जुन्या शिरगणतीच्या कागदांत लोकांना खापरपणजोबांचा धंदासुद्धा सापडतो, हे वाचलं होतं. आपल्याकडे घरोघरच्या याद्या जपल्याच गेल्या नाहीत, बेरजांचे तक्ते तेवढे उरले, हे तुम्ही शांतपणे सांगितलंत. माझा चेहरा पाहून लगेच म्हणालात, “कोतवाल बुक बघू.”

गाव नमुना १४, जन्ममृत्यूची नोंदवही. तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात तुम्ही माझ्यासाठी तीन दिवस बसलात. मोडीचा वर्ग मी केला होता, पण त्या पानांवर शब्दांत अंतर नाही, ऱ्हस्व-दीर्घ नाही, एका ओळीत अख्खं कुटुंब. ‘बिन’ म्हणजे मुलगा, एवढं येत होतं. ‘कोम’ ही जात समजून मी पुढे सरकत होतो. तुम्ही ओळीवर बोट ठेवलंत. कोम म्हणजे बायको. अमकी कोम अमका. मी सोडून दिलेल्या त्या सगळ्या ओळी बायकांच्या होत्या, गुरुजी.

पणजोबांची नोंद दुसऱ्याच दिवशी मिळाली. वंशावळीला तेवढं पुरत होतं. तरी तिसऱ्या दिवशी तुम्ही आलात आणि वाचत राहिलात. ऑक्टोबर १९१८, एन्फ्लुएंझाची साथ. कारणाच्या रकान्यात ताप, त्याखाली ताप, पान उलटलं तरी ताप. तुम्ही प्रत्येक नाव हळू आवाजात उच्चारत होतात, एकही न गाळता. मग थांबलात. “ही तुमची.”

पणजी. वय २२. आजोबा तेव्हा दोन वर्षांचे. तिचं नाव आमच्या घरात कुणालाच सांगता येत नव्हतं.

तेच नाव माझ्या थोरल्या आत्याचं आहे. आजोबा तिला जन्मभर ‘बाय’ म्हणाले; त्या नावानं हाक मारलेली कुणी ऐकली नाही. ते का, हे आता कळलं.

तुम्ही पैसे घेतले नाहीत, म्हणून हे पत्र. आत्या ८३ वर्षांची आहे. नक्कल मिळाल्यावर तिला वाचून दाखवली, तर म्हणाली, “वाचू नको, कुठं लिहिलंय ते दाखव.” तुम्ही ठेवलं होतंत तिथंच मी तिचं बोट ठेवलं. बराच वेळ तिनं ते उचललं नाही.

आपला ऋणी,
तिचा पणतू